चीनवर पन्नास सह्या

चीन या देशाशी माझं काही वैर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या तीन महिन्यांत माझ्या तोंडून त्या देशाचं नाव ज्या सुरात निघालं, त्यावरून शेजाऱ्यांचा गैरसमज झालेला आहे. वैर असलंच तर ते खिडकी क्रमांक चार आणि खिडकी क्रमांक नऊ यांच्याशी आहे, आणि थोडंफार स्वतःशी.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पालिकेचं सभागृह आहे. सभागृह हा शब्द जरा मोठाच झाला. सत्तर खुर्च्या, एक फळा आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. तिथं रोज संध्याकाळी पाच ते सहा मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग भरतो. उभा जन्म लाकडाला रंधा मारण्यात घालवून चोपन्नाव्या वर्षी मी याच वर्गात पहिलं अक्षर गिरवलं. शिकवणारे मास्तर थकले तेव्हापासून वर्ग मीच घेतो. विद्यार्थी आठ, त्यांतला सगळ्यांत लहान अठ्ठावन्न वर्षांचा. मला सगळे मिस्तरी म्हणतात. मास्तर कुणी म्हणत नाही, पण ते असो.

तर पालिकेचं पत्र आलं. सभागृहात वर्षभर एकही सार्वजनिक सांस्कृतिक अथवा सामाजिक उपक्रम झालेला नाही. तीन महिन्यांत निरीक्षकासमोर असा एक उपक्रम व्हावा आणि नोंदवहीत किमान पन्नास श्रोत्यांच्या सह्या असाव्यात, नाहीतर सभागृह इमारतीच्या समितीला व्यायामशाळेसाठी देण्यात येईल. समितीचे अध्यक्ष इतके घाईत होते की जागेवर चालण्याचं यंत्र त्यांनी आधीच आणून जिन्याखाली चादर घालून ठेवलं होतं. तासभर चालायचं आणि कुठंच पोचायचं नाही, असं ते यंत्र. तेव्हा मी त्याला हसलो. पुढं पालिकेत गेल्यावर हसणं थांबलं.

उपक्रम कसला करावा यावर इमारतीतल्या प्रत्येकानं सल्ला दिला. वेळ मात्र कुणी दिला नाही. खालच्या औषधवाल्याच्या मते जादूचे प्रयोग ठेवायला हवे होते. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, काहीही ठेवा, पण वेळेवर सुरू करा. बायको म्हणाली, आधी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करा, तो बघायला मी स्वतः पन्नास माणसं बोलावते.

त्याच आठवड्यात औषधवाल्याच्या वर राहणाऱ्या प्राध्यापिका बाईंचं पुस्तकांचं कपाट कोसळलं आणि मला बोलावणं आलं. फळ्या सरळ करताना पुस्तकं उचलली, तर एकही वाचता येईना. या वयात विद्या गेली की काय, म्हणून मी घाबरलो. बाई म्हणाल्या, चिनी आहेत ती. बावीस वर्षं त्या चीनचा अभ्यास करत होत्या. तिथला चहा, तिथली घरं, तिथले सिनेमे, तिथली म्हातारी माणसं. मी सहज विचारलं, यावर चार लोकांसमोर बोलाल का? बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्तरीकाका, बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

इथं मी शहाणा असतो तर कपाट लावून घरी आलो असतो. मी मान डोलावून आलो.

पालिकेच्या अर्जात विषय लिहायला एक ओळ होती. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: चिनी संस्कृती आणि समाज. खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनानं तो अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं. संस्कृती आमच्याकडे, समाज नऊ नंबरला, म्हणाला. मी नऊ नंबरला गेलो. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, समाज आमचा आहे, पण संस्कृती जोडलेली आहे, ती काढून आणा. मी विचारलं, काढायची कशी? त्या म्हणाल्या, खोडून. चार नंबरवर परत गेलो. त्यानं आपल्या हातानं समाज खोडला, शिक्का मारला आणि बजावलं, आजोबा, आता व्याख्यानात समाज येता कामा नये. निरीक्षक बसलेला असतो.

मी त्याच्या बापाच्या वयाचा आहे हे खरं, पण आजोबा म्हणण्याइतकी आमची ओळख नव्हती.

आता पन्नास माणसं जमवायची. औषधवाला म्हणाला, लोक ज्ञानाला येत नाहीत, मिस्तरी, रक्तदाबाला येतात. दारात तपासायचं यंत्र घेऊन बसतो, बघा कशी रांग लागते. त्याचं म्हणणं खरं निघालं, आणि पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच. व्याख्यानाच्या दिवशी त्रेसष्ट माणसं आली. रांगेत उभी राहिली, दंड पुढं केला, आकडा ऐकून चेहरा पाडला आणि आत येऊन खुर्चीत बसली. मी फळ्याशेजारी उभा राहून डोकी मोजत होतो आणि त्रेसष्टावर पोचल्यावर माझाच दाब वाढला असावा.

बाईंनी चहापासून सुरुवात केली. डोंगरावरची पानं, ती वाळवण्याच्या रीती, मातीच्या लहान किटल्या. पहिल्या रांगेत निरीक्षक बसला होता. बारीक अंगाचा, छत्री मांडीवर आडवी धरलेला. माणूस स्वभावानं वाईट नव्हता, नियमानं होता. बाई म्हणाल्या, "आणि मग घरातली माणसं एकत्र बसून", तेवढ्यात त्यानं बोट वर केलं. माणसं आली की समाज आला, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुढची चाळीस मिनिटं त्या अशा चहाबद्दल बोलल्या जो कुणी खुडला नाही, कुणी उकळला नाही आणि कुणी प्यायलाही नाही. इतका एकटा चहा मी आयुष्यात ऐकला नव्हता. शेवटी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कार्यक्रम संपल्यावर निरीक्षकानं नोंदवही उघडली. आत चार सह्या. मला वाटलं, पानं चिकटलीत. मग उलगडा झाला. दारात औषधवाल्याच्या टेबलावर त्याचीही एक वही होती, आणि त्रेसष्टपैकी एकोणसाठ माणसांनी रक्तदाबाच्या आकड्यापुढं सही ठोकून दिली होती. एकदा सही केली की आपलं कर्तव्य संपलं, अशी आपल्या लोकांची समजूत असते. मी निरीक्षकाला ती वही दाखवली. त्यानं ती शांतपणे चाळली आणि म्हणाला, हे आरोग्य शिबिर झालं. त्याची परवानगी खिडकी क्रमांक दोनवर मिळते, आणि ती तुम्ही घेतलेली नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, चहा झाला. ती म्हणाली, मग आता नळ.

पण पुरता खचेन तो मिस्तरी कसला. संस्कृती जमली नाही तर समाज धरू, असं ठरवून मी नऊ नंबरवर गेलो आणि चिनी समाजावरच्या सिनेमाची परवानगी काढली. कारकूनबाईंनी विचारलं, सिनेमात गाणं आहे का? एक होतं. गाणं म्हणजे संस्कृती, तेवढ्यापुरता आवाज बंद ठेवा, असं त्यांनी अर्जावर लाल शाईनं लिहून दिलं. सिनेमा साधा होता. एका म्हाताऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दूर शहरात गेलेली त्याची मुलगी. बाईंनी तीन आठवडे बसून पडद्याच्या तळाशी मराठी ओळी टाकल्या. या खेपेला वही एकच ठेवली, औषधवाल्याला यंत्रासकट घरी बसवलं, आणि चूक होऊ नये म्हणून सह्या सिनेमा संपल्यावर घ्यायचं ठरवलं. हे ठरवणारा मीच.

पन्नासहून अधिक माणसं आली. पहिल्या रांगेत माझे आठ विद्यार्थी नवे कपडे घालून बसले. दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, म्हाताऱ्यानं चाकाला हवा भरली आणि तळाशी पहिली ओळ उमटली. माझे आठही विद्यार्थी एका सुरात, मोठ्यानं, अक्षर अक्षर लावून ती वाचू लागले. दोन शब्द होतात तोवर ओळ गेली. इस्त्रीवाल्या मावशी उठून उभ्या राहिल्या. वयानं त्या माझ्याहून लहान, पण सगळी गल्ली मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या पडद्याला म्हणाल्या, थांब जरा, वाचून होऊ दे.

आता यात त्यांची चूक नाही. अर्धा शब्द टाकून पुढं जायचं नाही, हा माझ्या वर्गाचा पहिला नियम आहे आणि तो मीच रोज ओरडून सांगतो. प्राध्यापिका बाईंनी सिनेमा थांबवला. वाचन झालं, सिनेमा पुढं गेला. पुढची ओळ, पुन्हा वाचन. मागून कुणी कुजबुजलं, कुणी खोकलं. दोन तास झाले तेव्हा म्हाताऱ्यानं सायकलीचं एकच चाक बसवलं होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, मनात वाचा रे बाबांनो. पण मनात वाचणं अजून शिकवलेलं नव्हतं. तो धडा जानेवारीत आहे.

माणसं एकेक करून पाय न वाजवता निघाली. स्टेशनमास्तर जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, एवढा उशीर आमच्या मालगाडीलाही होत नसे. उरले कोण, तर आठ विद्यार्थी, निरीक्षक आणि आम्ही. मुलगी आता घरी येते की नाही, यावर आठही जणांचे डोळे लागले होते. बाई मात्र पहिल्यांदाच हसताना दिसल्या. त्या मला म्हणाल्या, एवढं मन लावून हा सिनेमा कुणी पाहिलेला त्यांच्या पाहण्यात नाही. मी म्हणालो, बाई, सह्या आठ आहेत.

उरले बारा दिवस. बाईंनीच परिसंवाद सुचवला. चार वक्ते, प्रश्नोत्तरं, आणि विषय अख्खा, संस्कृतीही आणि समाजही. त्यांना पुन्हा बिनमाणसांचा चहा करायचा नव्हता. मलाही नव्हता. पण अख्ख्या विषयाला दोन्ही खिडक्यांच्या सह्या हव्यात, आणि समोरच्यानं आधी केल्याशिवाय सही करायची नाही, असा दोघांचाही शिरस्ता. चार दिवस मी या टोकाहून त्या टोकाला चाललो. पाचव्या दिवशी दोघांना मधल्या सुटीत व्हरांड्यात गाठलं. सतरा वर्षं एका इमारतीत बसून त्यांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नव्हता. तुम्ही चार का, तुम्ही नऊ का, असं झालं. टेबल नव्हतं, म्हणून मला वाकायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून दोघांनी एकाच वेळी सह्या केल्या. चाळीस वर्षं मी लोकांना टेबलं करून दिली, शेवटी स्वतःच झालो.

परिसंवादासाठी इतर वक्ते मिळाले नाहीत, म्हणून औषधवाला, स्टेशनमास्तर आणि मी असे तिघे बाईंबरोबर बसलो. वक्त्यांच्या सह्या श्रोत्यांत धरत नाहीत, त्यामुळं आम्ही चौघं मोजणीतून बाद. आधीच्या दोन खेपांची कीर्ती पसरल्यामुळं बाहेरची माणसं आली अकरा, त्यांत बायको एक. विद्यार्थी सात, कारण इस्त्रीवाल्या मावशी कपडे पोचवायला गेल्या होत्या. अठरावर मी डोकं धरलं. तेवढ्यात दारातून समितीचे अध्यक्ष आत आले, मागून व्यायामशाळावाली मंडळी, अध्यक्ष धरून एकतीस जण. परिसंवाद उधळायला आले होते. अध्यक्ष म्हणाले, आम्हाला बोलायचंय. मी निरीक्षकाकडे पाहून म्हणालो, बोलायचं तर श्रोता व्हावं लागेल, आणि श्रोत्याची सही लागते. ही युक्ती मला कुठून सुचली देव जाणे. एरवी मला युक्त्या दुसऱ्या दिवशी सुचतात. एकतीसच्या एकतीस जणांनी वहीत सही केली. एकोणपन्नास.

मग ते बोलले. एकाची चिनी छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली होती, दुसऱ्याच्या विजेरीचं बटण आत गेलं ते आलंच नाही, आणि याला चीनचा समाज जबाबदार की संस्कृती, असा त्यांचा सवाल. निरीक्षकानं आपली छत्री हळूच खुर्चीखाली सरकवली. औषधवाल्यानं मध्येच मधुमेहाचा विषय काढला. प्राध्यापिका बाई सगळं लिहून घेत होत्या. नंतर उठून त्या एवढंच म्हणाल्या, की या वस्तू करणाऱ्या माणसांबद्दलच त्यांना बावीस वर्षं बोलायचं आहे, आणि मग खरंच बोलल्या. कारखान्यातल्या बायकांबद्दल, गावी ठेवलेल्या त्यांच्या पोरांबद्दल, साठीत अक्षरं शिकणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल, ज्यांना बाराखडी नाही, हजारो चिन्हं पाठ करावी लागतात. छत्रीवाला खाली बसला. पंखा फिरतोय तो ऐकू येऊ लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण मी घड्याळाकडे बघत होतो. परवानगी सहापर्यंत होती आणि सह्या एकोणपन्नास होत्या.

अध्यक्षांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी रस्त्यावरून येणाऱ्या एका ओळखीच्याला दारातूनच परत पाठवलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

सहाला दहा कमी असताना इस्त्रीवाल्या मावशी आल्या. काखेत रिकामी चादर. अध्यक्षांच्या हाताखालून वाकून सरळ आत. मी जवळजवळ धावतच वही त्यांच्यापुढं नेली. त्यांनी पेन घेतलं, खुर्ची ओढली, चादरीची घडी करून ठेवली, चष्मा पुसला. रकान्यात पूर्ण नाव आणि सही मागितली होती. मावशींचं पूर्ण नाव लांब आहे, त्यात तीन जोडाक्षरं आहेत आणि त्यांतली दोन आम्ही अजून शिकलेलो नाही. सहाला चार कमी असताना त्यांचं पहिलं नाव झालं. निरीक्षक खाली वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "मावशी, अंगठा चालतो. नियमात आहे."

मावशींनी पेनाचं टोक पुन्हा रकान्याला लावलं.

आता जे सांगतो ते सांगायला जड जातं, पण लपवून काय करू. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, "मावशी, आजच्या दिवस द्या अंगठा. आपली जागा वाचेल."

त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, ऐकलं. त्यांनी उजवा अंगठा माझ्या डोळ्यांपुढं धरला. इस्त्रीनं भाजून गुळगुळीत झालेला, स्वच्छ. "दादा, याची शाई पुसायला मला उभा जन्म लागला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच पुसलीत. आता परत लावायला सांगता?"

त्या पुन्हा वाकल्या आणि नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं. एकतीस विरोधक खुर्च्यांवरून मान लांब करून बघत होते. त्यातला विजेरीवाला तर ओठांनी अक्षरं पुरवू लागला, तेव्हा अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्ध्या अक्षरावर थांबला. सहा वाजले. निरीक्षकानं घड्याळ काढून कानाशी नेलं, हलवलं, त्याला चावी दिली, पुन्हा कानाशी नेलं. दोन मिनिटं तो माणूस घड्याळाशी खेळत बसला, आणि त्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. मग अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. आडनावाची दोन अक्षरं बाकी होती. निरीक्षकानं आकड्यांच्या रकान्यात लिहिलं, एकोणपन्नास. मावशींनी आडनाव पुरं केलं, खाली रेघ मारली आणि मगच पेन परत दिलं.

नऊ दिवसांनी पत्र आलं. दारावर चिकटवलेलं होतं. अध्यक्ष कुलूप हातात घेऊन उभे, मागं दोन माणसं ते चालण्याचं यंत्र धरून उभी. पाच वाजले होते, त्यामुळं वर्ग नेहमीसारखा आला आणि दारापाशी थबकला. प्राध्यापिका बाईही आल्या होत्या. मी पत्र वाचायला पुढं झालो, तर मावशींनी मला हातानं मागं सारलं आणि आठही जण दाराला नाक लावून मोठ्यानं वाचू लागले. संदर्भ क्रमांकापासून सुरुवात केली, एक अक्षर गाळलं नाही. अट पूर्ण न झाल्याने. सदर जागा. रिकामी करण्यात यावी. यंत्र धरणाऱ्यांचे हात भरून आले, त्यांनी ते दोनदा खाली ठेवलं आणि दोनदा उचललं. अध्यक्ष काही बोलणार होते, पण समोर म्हातारी माणसं वाचत असताना मध्ये बोलायचं कसं, हे त्यांनाही सुचेना. पाऊण तास लागला. एवढं लांब, एवढं अवघड वाचन वर्गानं आजवर केलं नव्हतं, आणि मी त्यांना शाबास म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

शेवटी खाली साहेबाची सही राहिली. एक गोळा, त्यातून निघालेली वेडीवाकडी रेघ, आणि कडेला दोन ठिपके. आठही जण तिच्यापुढं अडले. मावशींनी चष्मा पुसून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"दादा, यात अक्षर एकही नाही," त्या म्हणाल्या. "याला अंगठा द्यायला सांगायचं होतंत."